साखळी दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल पुन्हा विकताना : नोटीस येण्याआधी आणि आल्यानंतर

कोकणात मोठी साखळी दुकाने महामार्गालगतच्या शहरांपर्यंत पोहोचली असली, तरी खाडीपलीकडच्या वाडीत त्यांचा माल जातो तो गावच्या दुकानदाराच्या टेम्पोतूनच. पनवेल किंवा कोल्हापूरच्या फेरीत भरून आणलेल्या डाळी, बिस्किटे, फरशी पुसण्याचे द्रावण यांपैकी बराच माल त्या दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा असतो. तो छापील किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो आणि गावात छापील किमतीच्या आत विकूनही चार पैसे सुटतात. एखाद्या सर्वत्र मिळणाऱ्या साबणाचे नाव आपल्या फळीवर दिसले, तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. येथे मात्र पाकिटावरचे नाव म्हणजे दुसऱ्या दुकानाचेच नाव असते, आणि ते पाहून गिऱ्हाइकाला आपले दुकान त्यांची शाखा वाटू शकते. आपल्या नावाचा, म्हणजे व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा), गैरवापर झाला म्हणून कंपनी दुकानदाराला नोटीस पाठवते, त्या वादाचे मूळ बहुधा एवढेच असते.

कायद्याची बाजू आधी नीट समजून घ्यावी, कारण ती दुकानदाराला वाटते तितकी प्रतिकूल नाही. व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 30(3) नुसार, चिन्हाच्या मालकाने स्वतः किंवा त्याच्या संमतीने बाजारात आणलेला माल एखाद्याने कायदेशीररीत्या मिळवला असेल, तर तो पुढे विकणे केवळ तेवढ्या कारणावरून चिन्हाचे उल्लंघन ठरत नाही. लगेच पुढचे कलम 30(4) या मुभेला मर्यादा घालते : मालकाकडे आक्षेपाचे रास्त कारण असेल, विशेषतः बाजारात आल्यानंतर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. सॅमसंगच्या आयात प्रिंटरांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये परदेशातून आणलेल्या अस्सल मालाची विक्रीही मान्य केली; परंतु हा माल आयात केलेला असून त्याची हमी कंपनी देत नाही, हे दुकानात स्पष्ट लिहून लावण्यास विक्रेत्यांना सांगितले. ही पाटी लावण्याची युक्ती गावच्या दुकानदारानेही उचलण्याजोगी आहे.

पहिले काम बिलाचे. माल ‘कायदेशीररीत्या मिळवला’ हे वेळ आल्यावर आपल्यालाच दाखवावे लागते, आणि साखळी दुकानाचे बिल उष्णतेने छापणाऱ्या पातळ कागदावर असते. आपल्याकडच्या दमट हवेत, गल्ल्याखालच्या खणात पडलेले असे बिल काही महिन्यांत पांढरेफटक होते आणि त्यावर फक्त घडीची रेघ उरते. म्हणून घरी येताच त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि पाकिटावरचा बॅच क्रमांक मागे लिहून ठेवावा. शक्य असेल तेथे बिलावर आपल्या दुकानाचे नाव व जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. माल व्यापाऱ्याला विकला जात आहे हे त्यांना ठाऊक होते, हे त्यातून दिसते. ‘एका ग्राहकाला पाचच नग’ असा नियम असताना चार कामगारांना चार रांगांत उभे करणे टाळावे, कारण माल फसवून मिळवला असे म्हणण्याची संधी समोरच्याला त्यातून मिळते.

दुसरी गोष्ट पाकिटाची, आणि बहुतेक दुकानदार अडकतात ते येथे. पावसाळ्यात गिऱ्हाईक एक किलो घेत नाही, शंभर ग्रॅम मागते. मग मोठी पिशवी फोडून पारदर्शक पुड्या केल्या जातात आणि विश्वास बसावा म्हणून मूळ पिशवीचा रंगीत दर्शनी भाग कात्रीने कापून प्रत्येक पुडीत सरकवला जातो. दुकानदाराच्या दृष्टीने हा प्रामाणिकपणाच असतो, कारण माल खरोखरच त्या ब्रँडचा असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र मालाची अवस्था बदलली, वजन, तारीख व पॅक करणाऱ्याचे नाव नाहीसे झाले, आणि कंपनीने न बांधलेल्या पुडीवर कंपनीचे नाव आले. सुटे विकायचे असेल तर ते नाव न वापरता विकावे. बांधून ठेवलेल्या पुड्यांवर वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार स्वतःचा मजकूर छापावा. छापील किंमत खोडू नये, तिच्यावर कागद चिकटवू नये आणि टेम्पोचे भाडे म्हणून तिच्यापुढे एक रुपयाही घेऊ नये.

थंड ठेवण्याच्या मालाला तर हातच लावू नये, असे माझे मत आहे. अमेरिकेतील ट्रेडर जोज या साखळीचा माल सीमेपलीकडे कॅनडातील व्हँकुव्हरला नेऊन ‘पायरेट जोज’ नावाच्या दुकानात विकणाऱ्यावर 2013 मध्ये दावा झाला, तेव्हा वाहतूक व साठवणुकीचे निकष पाळले जात नाहीत हा कंपनीचा एक प्रमुख आक्षेप होता. खालच्या न्यायालयाने फेटाळलेला दावा अपिलात 2016 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि 2017 मध्ये दुकान बंद झाले. अर्थात, तो अमेरिकी कायद्याचा विषय आहे. परंतु लोडशेडिंगमध्ये सहा तास बंद राहिलेल्या फ्रीजमधले चीज विकणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

पाटीवर, पिशवीवर आणि व्हॉट्सअॅपच्या जाहिरातीत साखळीचे बोधचिन्ह, त्यांचा रंग व अक्षरवळण वापरू नये. ‘अमुक दुकानाचा माल येथे मिळेल’ असे साध्या अक्षरांत लिहिणे आणि खाली ‘आमचा त्या कंपनीशी संबंध नाही’ असे तितक्याच ठळकपणे लिहिणे, हा सुरक्षित मार्ग होय. आंबा बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको : परजिल्ह्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरला की आपला किती संताप होतो!

एवढे करूनही नोटीस आली, तर फोनवर उत्तर देऊ नये आणि घाबरून माल जाळू नये. नोटिशीतील नोंदणी क्रमांक व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत तपासता येतो. चिन्ह मालाच्या कोणत्या वर्गात नोंदले आहे ते पाहावे, कारण पिठे व मसाले वर्ग 30 मध्ये येतात, तर साबण वर्ग 3 मध्ये. त्यानंतर वकिलामार्फत बिलांच्या प्रतींसह लेखी उत्तर द्यावे. एकतर्फी मनाई हुकमाची भीती असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. ते 90 दिवस टिकते. कंपनीला व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम 134 नुसार आपल्या व्यवसायाच्या ठिकाणीही दावा लावता येतो, त्यामुळे कॅव्हेटसाठी रत्नागिरी किंवा ओरोसच्या (सिंधुदुर्ग) जिल्हा न्यायालयाबरोबर मुंबईचाही विचार वकिलाशी बोलून करावा. दाव्याचे समन्स मिळाल्यावर, तो वाणिज्यिक दावा असेल तर, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपले उत्तर, 120 दिवसांनंतर घेतलीच जात नाही. गणपती, शिमगा आणि भातलावणी यांत हे दिवस कसे सरतात ते आपल्याला माहीत आहे.

बहुतेक वेळा कंपनी हमीपत्राचा मसुदा पाठवते आणि त्यावर सही केली की प्रकरण मिटेल असे सांगते. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. बोधचिन्ह काढणे, पुड्या बंद करणे या अटी मान्य करण्यास हरकत नाही, परंतु ‘यापुढे कंपनीचा कोणताही माल विकणार नाही’ असे वाक्य असल्यास तेथे ‘मूळ बंद वेष्टनातील अस्सल माल वगळून’ हे शब्द घालून घेतल्याशिवाय सही करू नये. पाटी उतरवली की रिकाम्या भिंतीचा तारखेसह फोटो काढून तो बिलांच्या फाइलमध्येच ठेवावा.