जुन्या गाडीचा एसी थंड करत नाही? आधी गॅस भरू नका, या चुका टाळा

मे महिना, संध्याकाळचे 7, कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलोय, काचा बंद, ब्लोअर 4 वर आणि समोरून येतेय कोमट वाफ. ज्यांच्याकडे 10-12 वर्षं जुनी गाडी आहे त्यांना हे नवीन नाही. दुसऱ्या दिवशी आपण सगळे एकच करतो, जवळच्या एसीवाल्याकडे जातो आणि तो काही बोलायच्या आत आपणच सांगतो, "गॅस संपलाय, भरून द्या." तो पण खुश आपण पण खुश, पंधरा दिवसांनी परत तेच. मी हे एका उन्हाळ्यात दोनदा केलंय आणि तिसऱ्यांदा करायलाच निघालो होतो.

तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नाही, गाडी चालली तेवढा जळला असं होत नाही, तो बंद पाइपांतून तोच तोच गोल फिरत असतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे मान्य, पण दोन महिन्यांत गायब झाला तर कुठेतरी लीक आहे, दुसरं काही नाही. तिसऱ्या वेळी वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून फक्त बोट फिरवलं, कंडेन्सरला (समोरच्या जाळीमागे गॅस थंड करणारा भाग) पाइप जोडतो त्या जागी काळी तेलकट धूळ जमलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल पण फिरतं ना, मग जिथून गॅस जातो तिथे ऑइल पाझरतं आणि त्यावर रस्त्याची धूळ चिकटते. एक छोटी ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी रिंग, गेली होती. आधी दोनदा भरलेला गॅस सरळ हवेत!

म्हणून गॅरेजला जायच्या आधी दोन दिवस नुसतं बघा, एसी नेमका कधी गरम मारतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची गाडी पामबीच रोडला मस्त थंड आणि वाशीच्या सिग्नलला आली की गरम, आणि त्यांना पण गॅस भरायला सांगितलेलं. अहो, गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागून कंडेन्सर थंड होतो, उभी असते तेव्हा ते काम फॅनचं. एसी चालू करून बॉनेट उघडून बघितलं तर फॅन फिरतच नव्हता, पार्किंगमधल्या उंदराने वायर कुरतडलेली. फॅन ठीक असेल तर कंडेन्सरच्या जाळीत चिखल, पानं, किडे अडकलेत का बघा, आणि धुताना साध्या नळीने हळू पाणी मारा, सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर गनने त्या नाजूक पत्र्या आडव्या झाल्या की हवा जायची वाटच बंद.

दुसरं म्हणजे कान द्या. एसीचं बटन दाबल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनशी जोडणारा भाग) "टक" करून लागतो. दर काही सेकंदांनी टक-टक लागतो-सुटतो तर बहुतेक वेळा गॅस कमी आहे. टक होतच नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (क्लचला करंट देणारा छोटा स्विच) बघा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच साइजचा असतो, नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून पाच मिनिटांत कळतं. पण कुणी प्रेशर स्विच बायपास करून "डायरेक्ट देतो" म्हणाला तर नको म्हणा, तो स्विच गॅस नसताना कॉम्प्रेसर चालू नये म्हणूनच लावलेला असतो, गॅस नाही म्हणजे ऑइल फिरत नाही आणि कॉम्प्रेसर जाम झाला की मग खरा खर्च.

गॅस भरायचाच असेल तर उभं राहून भरून घ्या, बाहेर चहा प्यायला जाऊ नका. आधी लीक शोधायचं, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने किंवा डाय (लीक दाखवणारा रंग) टाकून. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपांतली हवा खेचून काढणं, निदान अर्धा तास. आपल्याकडच्या दमट हवेत पाइप उघडला की ओलावा आत जातो, तो व्हॅक्यूमने काढला नाही तर एक्सपान्शन वॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या आधीचं बारीक छिद्र) बर्फ होऊन अडकतो आणि ऑइलबरोबर मिसळून आतून सगळं खातो. सिस्टिम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ओलावा शोषणारा ड्रायर पण बदला. आणि गॅस वजनावर भरायचा, बॉनेटखाली स्टिकर असतो त्यावर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. "थोडा जास्त टाकतो साहेब, जास्त थंड होईल" हे साफ चुकीचं, जास्त गॅसने हाय साइडचं (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) प्रेशर चढतं आणि कूलिंग उलट कमी होतं.

गेज लावल्यावर पण एक गंमत असते. इंजिन बंद असताना काटा बघून "गॅस फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, 30 डिग्रीला आर-134ए चं (एसीत भरतात त्या गॅसचं) प्रेशर साधारण 95-100 पीएसआय दिसतं, मग आत निम्मा गॅस असो की पूर्ण. गाडी चालू ठेवून बघायचं. दोन्ही काटे, म्हणजे लो आणि हाय साइडचे, खाली तर गॅस कमी, दोन्ही वर तर फॅन, घाण कंडेन्सर किंवा गॅस जास्त, आणि लो वर पण हाय चढतच नाही तर कॉम्प्रेसर थकलाय.

कधी कधी एसीचा दोषच नसतो. आमच्या गाडीत हीटरचा फ्लॅप अर्धवट उघडा अडकलेला, थंड हवेत गरम मिसळत होती आणि मी कॉम्प्रेसरला शिव्या घालत होतो. एक्सप्रेसवेवर खालापूरपर्यंत झकास आणि नंतर व्हेंटमधून हवा येणंच कमी, असं होत असेल तर कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डमागे हवा थंड करणारी जाळी) बर्फ जमतोय, एसी बंद करून ब्लोअर दहा मिनिटं चालू ठेवा, हवा परत नीट यायला लागली तर थर्मिस्टर (कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर) तपासा, केबिन फिल्टर पण. खूप जुन्या गाड्यांत फिल्टरच नसतो, मग सगळी धूळ थेट कॉइलवर. बाजूच्या सीटखाली पाणी येतंय तर ड्रेन पाइप चोकअप, पण गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं म्हणजे हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतोय, ते वेगळं दुखणं.

कूलिंग कॉइलच लीक निघाली तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तेव्हा गाडीची आजची किंमत डोळ्यासमोर ठेवून आधी मजुरीसकट पूर्ण आकडा विचारा, आणि हो म्हटलंच तर एक्सपान्शन वॉल्व्ह त्याच वेळी बदलून घ्या, परत डॅशबोर्ड उघडायला लागला तर मजुरी डबल. आणि बसवून झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नका, मेकॅनिकला शेजारी बसवून घोडबंदरच्या खड्ड्यांतून एक चक्कर मारा, डॅशबोर्ड कुठे खडखडतोय ते त्यालाच ऐकू द्या.