केनियाला सेवेसाठी निघालाय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

पहिल्या खेपेला आम्ही ९ जण होतो आणि बॅगा १८. त्यातल्या ५ बॅगांत तिथं वाटायचे जुने कपडे, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या घराघरांतून गोळा करून, धुऊन, इस्त्री करून नेलेले. पश्चिम केनियातल्या किसुमू शहराच्या बाजारात पाय ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. जुन्या कपड्यांचे नुसते डोंगर. परदेशातून गाठोडी येतात, तिथं त्याला ‘मितुंबा’ म्हणतात, आणि त्या धंद्यावर कितीतरी घरं चालतात. मुंबईच्या विमानतळावर जादा वजनाचे जे पैसे आम्ही भरले, तेवढ्यात तिथल्या संडे स्कूलच्या सगळ्या पोरांना तिथंच कपडे आले असते.

आमच्या गटाबरोबर मी पश्चिम केनियात दोनदा जाऊन आले. हिशेबाची वही माझ्याकडे असते, म्हणून चुकांची वहीपण माझ्याकडेच. आता दुसऱ्या मंडळीतले लोक विचारायला लागलेत, तेव्हा एकदाचं लिहून काढते.

खरं तर कोल्हापूरकरांनी या चुका करायलाच नकोत. आपण पिढ्यान्‌पिढ्या यजमान आहोत. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना परदेशी सेवेला धाडणारी जी मोठी चळवळ १८८६ मध्ये उभी राहिली, तिच्या मुळाशी तोच होता. बाहेरून आलेला सेवक कुठं चुकतो, हे आपल्या आज्या-पणज्यांनी चुलीपुढं बसून सांगितलंय. पण स्वतः पाहुणे झालो की ते सगळं विसरायला होतं.

कागदपत्रं

केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ‘ईटीए’, म्हणजे आधीच काढायची इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी लागते. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. शोधल्यावर वरच दिसतात त्यातल्या बऱ्याच साइट एजंटांच्या असतात आणि वरकड पैसे घेतात. पासपोर्ट पुढचे ६ महिने चालू हवा, आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तिकिटावर हवं. आपल्याकडं कुठं वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठं नसतं. आमच्या एका काकूंच्या तिकिटावर माहेरचं आडनाव पडलं होतं.

‘पर्यटन म्हणून लिहून टाका, कोण बघतंय’ असं सांगणारा एक जण प्रत्येक मंडळीत असतो. त्याचं ऐकू नका. तुम्ही काय काम करणार हे यजमान मंडळीला आधी कळवा, त्याला कुठला परवाना लागतो ते त्यांनाच तिथल्या इमिग्रेशनकडं विचारायला सांगा, आणि त्यांचं आमंत्रणपत्र छापून हातात ठेवा. गटात डॉक्टर किंवा नर्स असेल तर जास्तच जपून. तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या तात्पुरत्या परवान्याशिवाय शिबिर भरवून गोळ्या वाटू नका. इथं कुणी पाहुणा येऊन आपल्या पोरांना विनापरवाना इंजेक्शन टोचायला लागला, तर आपल्याला चालेल का?

पिवळ्या तापाची लस

ही लस फॅमिली डॉक्टरांकडची चालत नाही. सरकारमान्य केंद्रात घ्यायची आणि तिथून दाखला आणायचा. केंद्रं ठरावीक वारीच लस देतात, त्यामुळं आधी चौकशी करून जा. दाखला लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. आमच्यातल्या एकानं ६ दिवस आधी घेतली, आणि त्या एकट्याचं तिकीट पुढं ढकलावं लागलं. दाखला नसला तर खरी अडचण परतताना येते: केनियाहून भारतात आल्यावर ६ दिवस वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरतात, तेव्हा तो पिवळा दाखला पासपोर्टातच राहू द्या. साठी ओलांडलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बॅग भरताना

आपल्या घरी प्रत्येक वस्तू कॅरीबॅगेत जाते. चपला एका कॅरीबॅगेत, तेलाची बाटली दुसरीत, चटणीचा डबा तिसरीत आणि वरून गाठ. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, आणि दंड साधासुधा नाही. कापडी पिशव्या शिवून घ्या. जुन्या साडीच्या एका पदरात चार होतात. सुकं खोबरं नेऊच नका, विमानतळावर काढून ठेवायला लावतात. कांदा-लसूण चटणी खुशाल न्या, पण तिथं ताटात पडेल त्या प्रत्येक गोष्टीवर ती भुरभुरू नका. आमच्या एकानं उगाली आणि सुकुमा विकीवर, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीवर आणि पालेभाजीवर, पहिल्या घासाआधीच चटणी ओतली. ती माउली सकाळपासून राबली होती. बोलली काही नाही, नुसती बघत राहिली.

चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि नव्या मालिकेतल्या घ्या. बाकी तिथं सगळं मोबाइलवरच्या एम-पेसावर चालतं, २००७ पासून; आपल्याकडं यूपीआय यायच्या कितीतरी आधी.

वेळ विचारताना

निघण्याआधी आमच्या तरुण संघानं स्वाहिली आकडे पाठ केले होते. मोजा, म्बिली, तातू. शनिवारी संध्याकाळी आमच्या पोरानं मोठ्या ऐटीत स्वाहिलीत विचारलं, उद्या उपासना किती वाजता? उत्तर आलं, ‘सा तातू’. म्हणजे तीन वाजता. आम्ही निवांत. रविवारी सकाळी साडेनऊला कुणी केस धूत होतं, कुणी भडंग खात बसलं होतं, आणि बाहेर पाळकसाहेब सूट-बूट घालून उभे. मंडळी अर्ध्या तासापासून आमच्यासाठी गात बसली होती.

स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळच, दिवस-रात्र बारमाही सारखेच, त्यामुळं हिशेब सोपा. सकाळचे ७ म्हणजे ‘पहिला तास’, ९ म्हणजे ‘तिसरा’. शुभवर्तमानात ‘सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला’ असं वाचतो ना, तीच पद्धत. आपल्या घड्याळात काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा: तीन म्हटलं तर नऊ. आणि खात्री करायची असेल तर इंग्रजीत विचारा, लाज कसली.

पाणी

ही चूक मला आजही बोचते. पहिल्या दिवशी आम्ही ८ तास गाडीत बसून, लाल मातीनं माखून यजमानांच्या घरी पोचलो. न्हाणीत पिवळे जेरीकॅन भरून ठेवलेले, २० लिटरचे. आपली पोरं पंचगंगेकाठची. एकेकानं दोन-दोन बादल्या डोक्यावर ओतल्या, वर गाणी म्हटली. मीही केस धुतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती कॅन आपटल्याच्या आवाजानं. घरातली थोरली सून आणि तिची १२ वर्षांची मुलगी हापशावरून येत होत्या. सुनेच्या डोक्यावर एक कॅन, हातात एक. मुलीनं आपला कॅन दोन्ही हातांनी धरून गुडघ्यावर टेकवत आणला, चार पावलं झाली की खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. मी बरोबर गेले तेव्हा कळलं, जाऊन-येऊन पाऊण तास आणि वर रांग वेगळी. आदल्या रात्री आम्ही ९ जणांनी त्यांच्या किती खेपा मोरीतून घालवल्या, ते मोजायचं धाडस मला झालं नाही.

उपाय साधा होता. माणशी रोज अर्धी बादली, आणि आपल्या वापराचं पाणी आपण भरायचं. पहिल्या दिवशी घरची माणसं नको-नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी आजीनंच आमच्या एका पोराच्या हातात खोरं दिलं आणि सगळे खो-खो हसले. तिथं म्हणच आहे: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला खोरं दे. पोराचं शेत कागलकडं. त्यानं मक्याची एक ओळ अशी काही खणून दाखवली, की नंतरचे दहा दिवस गावात त्याच्याच नावाचा बोलबाला. आम्ही पाठ करून नेलेली नाटुकली कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

बोलायला उभं राहिल्यावर

‘पाहुण्यांनी मंडळीला सलाम सांगावा’ म्हणाले, की खरंच सलाम सांगून खाली बसा. ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो. एवढं म्हटलं तरी छप्पर दणाणतं. आमच्यातल्या एका भाऊंनी त्या दोन मिनिटांत उपदेश सुरू केला. दुभाष्या असला की १० मिनिटांचे २० होतात, हे लक्षात ठेवा. वाक्यं छोटी, आणि म्हणी अजिबात नकोत. त्याच भाऊंनी जोशात, आखाड्यात उतरल्यावर लंगोट शोधायचा नसतो, याचं शब्दशः इंग्रजी केलं. दुभाष्या दोनदा थांबला, मग त्यानं चड्डीवर भागवलं. पुढच्या रांगेतल्या आज्या खाली बघून खांदे हलवत होत्या. भाऊंना वाटलं, आत्म्यानं हेलावल्या.

पैसे आणि वचनं

‘तुझी फी मी भरीन’, ‘पुढच्या वर्षी नक्की येऊ’. निरोपाच्या रडारडीत ही वाक्यं तोंडातून सुटतात. आपल्यासाठी तो क्षण असतो, ऐकणाऱ्यासाठी हिशेब. आमच्या एकीनं असा शब्द दिला आणि पुढचे आठ महिने व्हॉट्सॲपवर शाळेच्या पावत्या येत राहिल्या. तिनं नंबर ब्लॉक केला. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी वाईट.

असा मेसेज आला तर गप्प बसू नका आणि एकट्यानं पैसेही पाठवू नका. तिथल्या मंडळीच्या पंचकमिटीकडं न्या. खरी गरज कुणाची, हे त्यांना ठाऊक असतं. आपल्या ट्रस्टचा पैसा परदेशात खर्च करायचा असेल तर आधी सी.ए.ला विचारा, कारण त्यावरची करसवलत जाऊ शकते. बालगृहात दोन दिवस जाऊन पोरांना मांडीवर घेणं तर सोडूनच द्या. केनिया सरकार स्वतःच मुलांना संस्थेपेक्षा नात्यातल्या घरी ठेवायच्या मागं आहे.

फोटो

मी नऊ-दहा वर्षांची असताना परदेशी पाहुणे आमच्या चर्चच्या आवारात आले होते. एका बाईनं मला जवळ ओढून फोटो काढला. माझा फ्रॉक फाटका होता, कारण मी चिंचेच्या झाडावरून नुकतीच उतरले होते. घरी चांगले चार फ्रॉक होते. तो फोटो मी कधी पाहिला नाही. कुठल्या भिंतीवर, कुठल्या ओळीखाली लागला असेल, कोण जाणे. म्हणून आता आमच्या गटाचा नियम: आईबापाला विचारल्याशिवाय पोरांचा फोटो नाही, आणि परत आल्यावर साक्षीच्या सभेत, म्हणजे चर्चमध्ये अनुभव सांगताना, असं एकही चित्र दाखवायचं नाही जे त्या माणसाला शेजारी बसवून दाखवता येणार नाही.

याच्याच शेजारची एक गोष्ट, जी मंडळीत कुणी उघड बोलत नाही. आपल्यात रंगावरून सहज शेरे मारायची सवय आहे. मराठीत बोललो तर कुणाला कळतंय, असं वाटतं. कळतं. बोट, नजर आणि हसू सगळ्यांना कळतं. किसुमूपर्यंतची रेल्वे १९०१ मध्ये पोचली ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या हातांनी. तेव्हापासून तिथं भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, आणि त्याच्या वागण्याबद्दल लोकांची मतं पक्की आहेत. पहिल्याच दिवशी मला विचारलं, तुमचं ‘दुका’, म्हणजे दुकान, कुठं आहे? शब्द ओळखीचा वाटला, हसले. प्रश्नातली अढी रात्री लक्षात आली.

घरी आल्यावरचा ताप

किसुमूच्या बाजूला मलेरिया जोरात असतो. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावरही घ्यायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर पुढचे ४ आठवडे. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून कोल्हापूरला उतरलो की वाटतं, सुटलो. आमच्या त्या मका खणणाऱ्या पोरानं गोळ्या बंद केल्या आणि अठराव्या दिवशी हुडहुडी भरली. पावसाळ्याचे दिवस, गल्लीत डेंग्यूची साथ. डॉक्टरांनी तीच तपासणी लिहून दिली. त्याची आई दारातून परत फिरली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, हे आफ्रिकेला जाऊन आलंय, सांगायचं राहिलं.’ मलेरियाच निघाला, तोही फाल्सिपेरम, म्हणजे जिवावर बेतणारा प्रकार. पाच दिवस ॲडमिट होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला मेसेज केला तो आजीच्या घरी: मका किती वर आला?