समुपदेशकाच्या नोकरीला अर्ज करताय? आधी सह्या मोजा

मानसशास्त्र शिकलेल्यांना सध्या मागणी आहे, हे खरं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता ठेवायला सांगितलं. शाळा, कॉलेज, क्लासेस, वसतिगृहं, सगळे त्यात आले. लहान संस्थांनाही बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवायचा आहे. आपल्या नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर किती क्लासेस आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पण जाहिरात निघते आणि अर्जाला जेमतेम आठवडा मिळतो, म्हणून कागद आत्ताच लावून ठेवा.

आधार, गुणपत्रिका, डोमिसाइल, फोटो हे सांगायला नको. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रत काढून ठेवावी. सरकारी कंत्राटी पदांना बऱ्याचदा एमएस-सीआयटी मागतात. असलं तर जोडा, नसलं तर करून टाका.

आता मुख्य गोष्ट, जिच्यावर माझं घोडं अडलं. अनुभवाचं प्रमाणपत्र. 'अमुक यांनी आमच्याकडे इंटर्नशिप केली, त्यांची वर्तणूक चांगली आहे' हा कागद पडताळणीच्या टेबलावर काही कामाचा नाही. तिथे विचारतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? एकूण तास किती? कोणाच्या देखरेखीखाली? म्हणजे तारखा हव्यात, तास हवेत, मार्गदर्शकाचं पूर्ण नाव आणि पद हवं, नोंदणी क्रमांक असेल तर तोही, सही आणि शिक्का हवा. काम मी भरपूर केलं होतं, फक्त हे कागदावर नव्हतं. नंतर घेऊ म्हणाल तर संस्थेचा प्रकल्प मार्चला संपतो, एप्रिलमध्ये कार्यालयाला कुलूप असतं आणि मार्गदर्शक मॅडम दुसऱ्या गावी गेलेल्या असतात.

म्हणून एक जाड वही करा. रोजची तारीख, तास, समोरच्याचा वयोगट, तक्रार कोणत्या प्रकारची, तुम्ही काय केलंत, मार्गदर्शक काय म्हणाले. नाव, गाव, फोन काहीही लिहायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये दिला आहे, आणि नावं लिहिलेली वही बसमध्ये राहिली तर तो हक्क तुम्ही मोडलात. दर आठवड्याला त्या वहीवर सही घ्या. महिन्याला नाही, आठवड्याला. मार्गदर्शक घाईत असले तरी दारात थांबा. संकोच वाटतो हे मान्य, तरीही घ्या.

पाटीवर काय लिहिणार ते अर्जाआधीच ठरवा. नुसत्या एम.ए. वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे. दंड बघून हसू येतं, कैद बघून येत नाही. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षाची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः बघा, कॉलेजच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका. मुक्त विद्यापीठ आपल्या गावातच आहे, तेव्हा नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्र करू, असा विचार असेल तर सोडा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने या विषयाचे नवे प्रवेश यूजीसीने बंद केले आहेत.

नाशिकची एक अडचण आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, इथे नाही. दाखल रुग्ण बघण्याचा दीर्घ अनुभव हवा असेल तर बाहेर जावं लागेल. इथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, बालगृहं, कौटुंबिक न्यायालय या ठिकाणी विचारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतही विचारायला हरकत नाही, फार तर नाही म्हणतील. बाहेर जाणार असाल तर, पुन्हा सांगते, तिथून निघण्याआधी प्रमाणपत्र हातात घ्या. 'पोस्टाने पाठवतो' यावर विसंबू नका.

मुलाखतीची तयारी बहुतेक जण इंग्रजी व्याख्या पाठ करून करतात. ते पुरत नाही. सुरगाणा-पेठकडे कोकणा बोलणारे आहेत, मालेगावात उर्दू. समोरचा माणूस 'डिप्रेशन' म्हणत नाही. 'करमत नाही', 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात विचार थांबतच नाहीत' म्हणतो, आणि पुष्कळदा पोटदुखी घेऊन येतो. चिंता, नैराश्य, भास हे शेतकऱ्याच्या बायकोला कसं समजावाल, ते मोठ्याने बोलून बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ पाठ हवा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचंच कलम ११५ वाचा: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध झालं नाही तर. आणि शाळेत काम करायचं असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती कळवावीच लागते, तिथे गोपनीयता आड येत नाही. हा प्रश्न विचारतातच, आणि उमेदवार अडखळतात.

बाकी भराभर. मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच, क्रमाने लावलेले. वहीही सोबत न्या. प्रमाणपत्रावरचे तास आणि वहीतले तास जुळतात का, आदल्या रात्री बेरीज करून बघा. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्त्यांचा भरवसा नाही, लवकर निघा. पगार कंत्राटी, मुदत साधारण अकरा महिन्यांची, आदेश नीट वाचून सही करा. स्वतःची खोली घेऊन बसणार असाल तर संमतीपत्र मराठीत छापा, औषधांबद्दल अवाक्षर काढू नका, आणि गावातल्या दोन मनोविकारतज्ज्ञांना आधीच भेटून त्यांचे नंबर घ्या.