पाळणाघरात मुलाला किरकोळ लागल्यास पालकांना कसे सांगावे

घरगुती पाळणाघरात गुडघा खरचटणे, कपाळावर टेंगूळ येणे किंवा खेळण्यावरून एका मुलाने दुसऱ्याला चावणे हे प्रकार कितीही लक्ष ठेवले तरी अधूनमधून घडतात. पालकांचा राग मात्र बहुतेक वेळा जखमेपेक्षा ती आपल्याला कोणी सांगितली नाही, याचा असतो. म्हणून संध्याकाळी दारात मुलाला कडेवर घेताना आईला ती खूण दिसण्याआधीच तिची हकिगत तुमच्याकडून कळलेली असावी.

अर्थात आधी मूल, मग फोन. खरचटलेला भाग वाहत्या पाण्याखाली धुवावा, टेंगळावर रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, चावल्याची जागा साबणाने धुऊन कातडी फाटली आहे का ते पाहावे. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि पालकांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध पाजू नये. मुलाचे नेहमीचे डॉक्टर, ॲलर्जी, लसीकरणाच्या कार्डाची प्रत आणि जवळ राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवलेला असेल, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे भागातले पुष्कळ पालक नोकरीसाठी मुंबई गाठतात आणि परतीच्या लोकलमध्ये त्यांना फोन उचलणेही जमत नाही. अशा वेळी “ताई, जरा फोन करा” एवढाच निरोप पाठवला, तर ठाणे येईपर्यंत त्या आईचा जीव टांगणीला लागतो. त्याऐवजी पूर्ण हकिगत लिहावी: “साडेतीनला धावताना टीपॉयची कड लागून उजव्या भुवईवर टेंगूळ आले आहे. रक्त नाही. लगेच रडला, बर्फ लावल्यावर शांत झाला. आता दूध पिऊन खेळतो आहे. फोटो पाठवते.” फोटो फक्त त्याच पालकांना पाठवावा, पाळणाघराच्या ग्रुपवर कधीही नाही. न्यायला आजोबा येणार असले, तरी आईवडिलांना स्वतंत्रपणे कळवावे, कारण निरोप घरी पोहोचेपर्यंत त्याला पाय फुटतात.

डोक्याला लागले असेल, तर निरोपावर न थांबता फोनच करावा. मूल बेशुद्ध झाले, वारंवार उलट्या होऊ लागल्या, झटका आला, नाकाकानातून पाणी किंवा रक्त आले किंवा ते नेहमीपेक्षा गुंगीत वाटले, तर पालकांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे. एक वर्षाच्या आतल्या बाळाचे डोके आपटले, तर लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवणेच शहाणपणाचे आहे. साध्या टेंगळाच्या बाबतीतही पुढचे २४ तास या लक्षणांवर लक्ष ठेवण्यास पालकांना सांगावे, कारण रात्री मूल त्यांच्याजवळ असणार आहे.

“तुमचे लक्ष कुठे होते?” हा प्रश्न येणारच. त्यावर “मुले पडायचीच” किंवा “घरी पडत नाही का?” असे उत्तर देऊ नये; ते खरे असले तरी त्या क्षणी झिडकारल्यासारखे लागते. आधी त्यांचे बोलणे पूर्ण ऐकावे आणि मग जे होते ते सांगावे: “मी दूध गरम करत होते, मावशी मुलांजवळ होत्या, तरी तो एकदम धावला. टीपॉय आता आतल्या खोलीत ठेवला आहे.” न घडलेले कबूल करण्याची गरज नाही आणि घडलेले झाकण्याचीही नाही. चावणाऱ्या मुलाचे नाव मात्र कितीही आग्रह झाला तरी सांगू नये, नाहीतर दोन घरांतला वाद सोसायटीच्या लिफ्टपर्यंत जातो. त्या मुलाच्या पालकांशी वेगळे बोलावे. एक ते तीन वर्षांच्या मुलांत चावणे सर्रास दिसते, हे त्यांनाही सांगावे लागते.

प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा आणि केलेला उपचार वहीत लिहून नेणाऱ्याची सही घ्यावी. सकाळी मूल ताब्यात घेतानाही हातपाय, कपाळ पाहावे. घरून आलेला ओरखडा दिसला, तर पालक दारात असतानाच विचारून तोही त्याच वहीत नोंदवावा.