देवनागरी नावाची लाकडी पाटी: स्क्रोल सॉवर कापायची कशी, विकायची कशी

लेझरवर कापलेल्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) पाट्यांनी बाजार भरलाय. अक्षरे तीन-चार मिलिमीटर जाडीची, कडा भाजून काळ्या झालेल्या, आणि भाव इतका पडलेला की हाताने काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. नवा स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली चालवून नक्षी कापणारे यंत्र, घेतलेली मंडळी नेमकी तिथेच जातात आणि वर्षभरात यंत्रावर चादर पडते.

आपली जागा वेगळी आहे: पाऊण इंची सागवानात कापलेले, हात फिरवून बघावेसे वाटणारे जाड अक्षर. घरगुती लेझरला ती जाडी सहसा झेपत नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी राउटरला झेपते, पण त्याचे कटर गोल फिरत असल्याने आतल्या कोपऱ्यात गोलाई राहतेच. स्क्रोल सॉचे बारीक पाते कोपऱ्यात जागच्या जागी वळते. म्हणून सुरुवात दाराच्या पाटीपासून करा. वास्तुशांत, नवा फ्लॅट, नवा दवाखाना, पाटी सगळ्यांनाच लागते.

यंत्र आणि पाती

आधी हात बसवायचा असेल तर शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वापरायचो तो हाताचा फ्रेट सॉ काही शे रुपयांत मिळतो. पातळ प्लायवर जाळीकाम करून बघा. त्यात मन रमले तरच यंत्र घ्या.

यंत्र घेताना तीन गोष्टी पाहा. घसा किती खोल आहे, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत किती जागा. १६ इंच असेल तर फूट-दीड फुटाची पाटी आरामात फिरवता येते. दुसरे, वेग कमी-जास्त करता येतो का. बहुतेक यंत्रांत मिनिटाला साधारण ४०० ते १,६०० फेऱ्या होतात. सागासाठी मधला वेग ठीक, पातळ प्लायला कमी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि दुकानदार ती आपणहून सांगत नाही: यंत्राला बिनपिनची, म्हणजे टोकांना आडवी पिन नसलेली पाती लागतात का? पिनवाले पाते आत घालायला चार-पाच मिलिमीटरचे भोक लागते. 'ष' किंवा 'क'च्या पोटात एवढे भोक पाडले तर अक्षर उरतच नाही. बिनपिनच्या पात्याला दीड मिलिमीटरचे भोक पुरते.

पाती पाच इंच लांबीची येतात आणि नंबराने ओळखली जातात. नंबर वाढेल तसे पाते जाड. पाऊण इंची फळीला ५ नंबर, सहा ते नऊ मिलिमीटरच्या प्लायला ३ नंबर. तळाचे काही दात उलटे असलेले पाते मिळाले तर तेच घ्या, खालच्या बाजूला लाकडाची कुसे निघत नाहीत. पाते डझनाने घ्या आणि बोथट झाले की लगेच बदला. पात्यात केलेली काटकसर पुढे घासताना दुप्पट वेळाने वसूल होते.

लाकूड

साग पावसाला टिकतो आणि पॉलिश छान धरतो. त्यात सिलिका असल्याने पाती मात्र भराभर बोथट होतात, तेवढे धरून चाला. शिवण हलकी, कापायला गोड, घरातल्या पाटीला उत्तम. पॅकिंगच्या पेट्यांचे पाइन सरावाला चालेल. बाहेरच्या दाराला एमडीएफ नको. कोकणातल्या एका पावसाळ्यात कडा फुगतात.

फळी वखारीतूनच घ्या. तिथे फर्निचरवाल्यांना नको असलेले फूट-दीड फुटाचे तुकडे बाजूला पडलेले असतात, ते मागा. ओले लाकूड घेऊ नका. आणलेले तुकडे दोन-तीन आठवडे घरात, हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या ठेवून रचा.

अक्षर: खरे काम इथे आहे

इंग्रजी नाव कापले की सुटी अक्षरे हातात येतात आणि एकेक ओळीत चिकटवत बसावे लागते. देवनागरीला शिरोरेघ आहे, त्यामुळे आख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. पण संगणकावर नाव टाइप केले, छापले आणि कापले, असे होत नाही. काही अक्षरे दगा देतात.

ध, भ आणि थ यांच्या डाव्या भागावर शिरोरेघ नसते. 'माधव' कापलात तर 'मा' एकीकडे, 'धव' दुसरीकडे. 'वैभव', 'सौरभ', 'अथर्व' यांचेही तेच. उपाय दोन. एक तर 'मा'चा काना आणि 'ध'चे पोट जिथे जवळ येतात तिथे दोघांना जरा सरकवून एकमेकांत मिसळा. नाहीतर खाली प्लायची पाठ द्या आणि दोन तुकडे त्यावर चिकटवा. मिसळताना 'ध'चा 'घ' दिसणार नाही एवढे सांभाळा. वरची फट उघडीच राहिली पाहिजे.

अनुस्वार हवेत तरंगतो. 'आनंद' किंवा 'नंदिनी'मध्ये टिंब खाली ओढून शिरोरेघेला टेकवा, मध्ये चार-पाच मिलिमीटर रुंदीची मान ठेवा. 'डॉ.' हा तर खास त्रास: चंद्र शिरोरेघेला जेमतेम टेकतो आणि शिवाय पूर्णविरामही सांभाळायचा. दवाखान्याच्या पाट्यांना पैसे बरे मिळतात, म्हणून तो शिकून घ्यावा. 'कुलकर्णी'तला रफार आणि वेलांटी शेजारी शेजारी येतात, त्यांना एकमेकांचा आधार द्या.

ल आणि श मराठी वळणाचेच घ्या, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. कित्येक फॉन्ट आपोआप हिंदी वळण देतात. ग्राहकाला काय खटकते ते सांगता येत नाही, पण पाटी परकी वाटते.

फॉन्ट निवडताना रेघ जाड असलेला बघा. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'बालू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली फुकट मिळतात आणि त्यांत कापलेल्या वस्तू विकायला हरकत नसते. बालूची गोलसर, जाड अक्षरे तर जणू लाकडासाठीच काढलेली. तीन इंच उंचीच्या अक्षरात शिरोरेघ दहा मिलिमीटरपेक्षा आणि कोणतीही उभी रेघ आठपेक्षा बारीक ठेवू नका. कोणाच्या तयार नक्षीवरून काम करणार असाल तर ती विक्रीसाठी वापरायची परवानगी आहे का, ते आधी तपासा.

लाकडाच्या रेषा शिरोरेघेच्या दिशेने आडव्या ठेवा. त्यात एक मेख आहे: आडव्या रेषांमुळे उभे काने कमजोर होतात, पाटी पडली तर 'म'चा दांडा पहिला तुटतो. प्लायची पाठ देण्याचे हे दुसरे कारण.

कापणे

फळीवर आधी मास्किंग टेप लावा, त्यावर छापलेला कागद गोंदाने चिकटवा आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप ओढा. टेपमुळे पाते कमी तापते आणि कड जळत नाही. शेवटी सगळे एका ओढीत निघते, कागद खरवडत बसावे लागत नाही.

पाते लावताना दात खाली तोंड करून असावेत. ताण पुरेसा बसला की बोटाने छेडल्यावर स्वच्छ, वरच्या पट्टीतला आवाज येतो. थप्प आवाज आला तर अजून ताणा. मग टेबल पात्याला काटकोनात आहे का ते बघा. गुण्या लावून समाधान होत नसेल तर पाऊण इंची तुकड्यात जरासा छेद घ्या, यंत्र बंद करा, तुकडा फिरवून तोच छेद पात्याच्या मागच्या बाजूने लावून पाहा. पाते छेदात अलगद बसले तर काटकोन बरोबर. नाहीतर अक्षराच्या पोटातले तुकडे एकाच बाजूने निघतील, दुसऱ्या बाजूने अडतील.

आधी आतली पोटे, मग बाहेरची कड. उलटे केले तर धरायला लाकूडच राहत नाही. प्रत्येक पोटात एक भोक पाडा, पाते वरून सोडा, आवळा, काढा, पुन्हा सोडा. हे कंटाळवाणे आहे. पाटीचा निम्मा वेळ यातच जातो आणि किंमत सांगताना लोक नेमका हाच वेळ विसरतात.

पाते नाकासमोर जात नाही, जरासे उजवीकडे ओढते. पाते बनवतानाच त्याच्या एका बाजूला किंचित खरखर राहते, त्याचा हा परिणाम. फळी थोडी तिरकी धरली की रेघ सरळ निघते. ढकलू नका. पाते मागे वाकलेले दिसले की तुम्ही घाई करताय. रेघेच्या अगदी वर न जाता किंचित बाहेरून जा, उरलेले कानशीने नीट करता येते. टोकदार कोपऱ्यात शिरलात की हलके मागे या, दोन-तीन वेळा मागेपुढे करून जागा रुंद करा आणि वळा.

डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-९५ मास्क हवाच. सागाची धूळ घशाला झोंबते, एमडीएफची त्याहून वाईट. बाल्कनीत काम करत असाल तर वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या. शेजाऱ्यांचेही.

घासणे आणि पॉलिश

१२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमाने. कडा हलक्या मोडा, धार राहू देऊ नका. बाहेरच्या पाटीला बाहेरचे म्हणून विकले जाणारे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, पातळ तीन हात, आणि पाठीला चिकटवायला पाण्यात टिकणारा मरीन गोंद. घरातल्या पाटीला अळशीचे तेलही सुंदर दिसते. पण तेल पुसलेली फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

किंमत

एक हिशोब मांडून बघू. एक फूट बाय सहा इंच, एक इंची तुकडा, रंधा मारून पाऊण इंच उरणारा. सागाला घनफुटाला ४,००० रुपये धरले तर लाकडाचे साधारण १७० होतात. पाठीचा प्लाय ७०, पाती ९०, पॉलिश ६०, स्क्रू-हुक ३०, पॅकिंग ८०. झाले ५००. आराखड्यापासून पॉलिशपर्यंत चार तास, तासाला २०० म्हणजे ८००. वीज आणि यंत्राची झीज ५०. एकूण १,३५०. वर वीस टक्के, कारण काही तुकडे फुटणारच: १,६२०.

आता 'लाकूड तर पाचशेचेच' म्हणून ती पाटी ९०० ला देणारा माणूस आठवा. चार तासांचे त्याला ४०० सुटले आणि यंत्राची झीज त्याच्या ध्यानीमनीही नाही. दुकानात ठेवायला दिलीत आणि दुकानदार तीस टक्के घेत असेल तर तिथे २,३०० च्या पुढेच किंमत लावावी लागेल. तुमचे आकडे वेगळे असतील. तासाचा दर मात्र कागदावर लिहिलेला असू द्या. नातेवाइकांना सूट द्यायची असेल तर ती वीस टक्क्यांतून द्या, मजुरीतून नाही.

विकणे

पहिल्या चार-पाच पाट्या ओळखीतल्या दारांवर लावा, सोसायटीत जिन्यातून येणारे-जाणारे त्या बघतात. फोटो दारावर लावलेल्या पाटीचा काढा, टेबलावरच्या नाही. आणि एक फोटो असा, की अंगठा कडेवर टेकलेला आहे आणि जाडी दिसतेय. लेझरवाल्याकडे हा फोटो असू शकत नाही.

ऑर्डर घेताना नाव ग्राहकाकडूनच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, ऱ्हस्व-दीर्घासकट. आराखडा पाठवा, 'बरोबर आहे' असे उत्तर येईपर्यंत भोक पाडू नका, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. नावाची पाटी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

प्रदर्शनांत पुण्याची भीमथडी जत्रा मोठी आहे. बचत गटातून काम करणाऱ्या महिलांना महालक्ष्मी सरस आहे. पहिल्या वर्षी मात्र शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या स्टॉलवर अंदाज घ्या, भाडे थोडे असते. लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, करून टाका. राज्यातल्या राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात पाठवायला लागलात की सल्लागाराला विचारा. २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे दोघेही येतात, पारंपरिक कामाच्या कुटुंबांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

पाटीचे काम बारमाही, बाकीचे सणावर. लग्नसराईत रुखवतासाठी नावांच्या जोड्या जातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून किल्ल्या अडकवायचे हुक, छोटे दीपस्टँड पन्नास-शंभराच्या संख्येने मागतात. तिथे चार पातळ प्लाय दुहेरी टेपने एकावर एक चिकटवून एकदम कापा, तरच भाव परवडतो. ही ऑर्डर डिसेंबरच्या सुरुवातीलाच पक्की करा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून लाकडी मखराला मागणी आहे, पण ते काम आषाढ लागण्याआधी हाती घ्या. श्रावणात मोठ्या मखराची ऑर्डर आली तर सरळ नाही म्हणा. पावसाळी हवेत पॉलिशचा एक हात वाळायला दोन दिवस घेतो आणि गणपती काही थांबत नाहीत.