ही एलपी नव्हे! लाखेच्या तबकड्या वाजवताना या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी घरांचे माळे अजून रिकामे होताहेत. दांडिया बाजारातलं एखादं जुनं घर पाडायला निघालं की पितळेची भांडी भावंडं वाटून घेतात, आणि खाकी कागदांतल्या काळ्या तबकड्यांचा गठ्ठा 'याला गाण्याची आवड आहे' म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडतो. असे चार-पाच गठ्ठे माझ्या गळ्यात पडले. त्यातल्या काही तबकड्या मी माझ्याच हातांनी खराब केल्या, म्हणून हे लिहितोय.

माझ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच. मी एलपी, म्हणजे नंतर आलेल्या लांब वाजणाऱ्या तबकड्या, ऐकत मोठा झालो आणि या तबकड्या म्हणजे जुन्या, जाड, जरा ठिसूळ एलपीच असं धरून चाललो. एलपी प्लास्टिकची. ही लाखेची, आणि लाखही फार तर तिसरा हिस्सा. बाकी पाटीच्या दगडाची नाहीतर चुनखडीची पूड, थोडे कापसाचे तंतू आणि रंगासाठी काजळी. थोडक्यात, लाखेने बांधलेला दगड. हे डोक्यात बसलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

स्पिरिट लावू नका

एलपी पुसायचं द्रावण घरात होतंच. कापूस भिजवला, तबकडीवर फिरवला, कापूस काळा झाला. म्हटलं, पन्नास वर्षांची धूळ निघतेय! दुसरा बोळा घेतला, तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला पृष्ठभाग बोटाला चिकटायला लागला तेव्हा उजेड पडला की निघत होती ती तबकडीच.

आपल्याकडे हे खरं तर कुणाला सांगायला नको. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो. लाखकामाचा संखेड्याचा झोपाळा ज्यांच्या घरी आहे, त्यांना लाख काय चीज आहे ते ठाऊक असतं. तरीही एलपीच्या बाटलीवर 'अल्कोहोल' लिहिलेलं आपण वाचत नाही. डेटॉल, कोलन, काचा पुसायचा फवारा, सगळं त्याच यादीत.

मग पुसायची कशी? बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोल गोल. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग नुसत्या पाण्याने एकदा, जुन्या मलमलीच्या तुकड्याने टिपायचं आणि ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवायची. हो, ताटाळ्यातच, यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. तडा गेलेल्या तबकडीला मात्र पाणी लावू नका. कोलंबियाच्या काही तबकड्यांत आत कागदाचे थर असतात. कडेने पाणी शिरलं की त्या फुगतात.

एक सुई, एक बाजू

चावीच्या ग्रामोफोनवर सर्वांत जास्त तबकड्या इथे मरतात. पोलादी सुई एका बाजूपुरती असते. 'बोथट झाली की बदलू' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हिशेब सांगतो: दहा इंची तबकडीची एक बाजू वाजते तेव्हा सुई साधारण सव्वाशे मीटर चालते, तेही दगडाच्या पुडीवरून. ती पूड मुद्दाम घातलेली आहे, कारण सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच तिने नव्या सुईचं टोक झिजवून खाचेच्या मापाचं करायचं असतं. पोलाद झिजावं आणि खाच राहावी, असा तो सौदा आहे.

एकदा वाजवून झालेली सुई भिंगाखाली धरून बघा. टोक गोल नसतं. दोन्ही अंगांना सपाट, चकचकीत पैलू पडलेले असतात आणि त्यांना धार असते. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर ठेवली की ती पटाशीसारखी चालते. खाच करडी दिसायला लागते, आणि ती करडी रेघ पुन्हा काळी होत नाही. शंभर सुया संपल्या तर संपू द्यात. जुन्या बाजारात सुट्या मिळणाऱ्या 'वापरल्यासारख्या वाटत नाहीत' अशा सुया घेऊ नका. डबीतल्या नव्या घ्या.

दुसरं, १९५० च्या दशकातल्या सिनेमाच्या तबकड्या आजोबांच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनवर वाजवण्याचा मोह आवरा. साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई ज्यात बसते त्या गोल डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त. त्या काळच्या तबकड्या हलक्या, विजेवरच्या पिकअपसाठी काढलेल्या. दहा वेळा वाजवल्यावर गायिकेच्या वरच्या सुरांत पत्रा घासल्यासारखी खरखर येते, आणि ती कायमची.

विजेच्या प्लेअरवर चूक उलटी होते. सुटकेससारखे जे नवे प्लेअर मिळतात त्यांवर ३३, ४५, ७८ असं बटण असतं. या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, म्हणून लोकांना वाटतं, ७८ आहे म्हणजे झालं. बटण फक्त वेग बदलतं, सुई एलपीचीच राहते. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ ते २५ मायक्रॉन, ७८ ला लागते सुमारे ७५ मायक्रॉनची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते. गाणं असतं भिंतींवर. तळाशी असतो कचरा. तुम्ही तीन मिनिटं कचरा ऐकता आणि म्हणता, 'जुनी आहे ना, आवाज असाच येणार.' जुन्या प्लेअरमध्ये उलटवायची सुई असते, एका अंगाला ७८ लिहिलेलं. ते आधी बघा. नव्या प्लेअरला ७८ ची वेगळी सुई घ्या, भार तीन ते पाच ग्रॅम ठेवा आणि दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका. खरखर बरीच कमी होते, कारण त्यातली बरीचशी सुईच्या वरखाली हलण्याने येते आणि गाणं या तबकड्यांत आडव्या हालचालीत असतं.

अपवाद पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्यांचा. त्यांत गाणंच वरखाली कोरलेलं आहे, आणि त्यांना पोलादी सुई नव्हे, गोल टोकाचा नीलमणी लागतो. लेबलवर पाथे वाचलंत तर थांबा.

७८ म्हणजे ७८ असेलच असं नाही

ही माझी सर्वांत लाजिरवाणी चूक. वेग तपासायला मी इंटरनेटवरून रेघांची चकती छापून घेतली. ट्यूब विजेच्या तालावर लुकलुकते, त्यामुळे वेग बरोबर असला की तिच्या उजेडात रेघा स्थिर दिसतात. चकती फिरती ठेवली, वेगाची कळ फिरवत गेलो, रेघा स्थिर दिसल्या, खूश झालो. त्यावर फैयाज खाँसाहेबांची तबकडी लावली. खाँसाहेब बडोदा दरबारचे गायक, इथेच १९५० साली गेले. त्यांची तबकडी आमच्या गावात कुठल्या तरी माळ्यावर निघतेच. आवाज मुळात ढाला, म्हणून मला शंकाही आली नाही. कित्येक महिने मी ती तशीच पाहुण्यांना ऐकवली.

एकदा शेजारचे काका पेटी घेऊन बसले. ते पेटी वाजवतात म्हणजे ऐकणाऱ्याची परीक्षाच घेतात. दोन आवर्तनं ऐकून म्हणाले, "अरे, खाँसाहेबांना ताप आलाय का?"

चकती अमेरिकेतली होती. त्यांची वीज सेकंदाला ६० सायकलची, म्हणून तिच्यावर ९२ रेघा. आपली ५० सायकलची, आपल्याला ७७ रेघा लागतात. ९२ रेघांची चकती आपल्या दिव्याखाली स्थिर दिसते ती मिनिटाला ६५ फेऱ्यांवर. म्हणजे गाणं तीन अर्धस्वर खाली: पेटीवर काळी चारचं पांढरी चारवर. साडेतीन मिनिटांची बाजू चार मिनिटांच्या वर चालते, तेवढं घड्याळ पाहिलं असतं तरी पुरे होतं. शिवाय हा प्रयोग जुन्या लोखंडी चोकच्या ट्यूबखालीच नीट जमतो. एलईडीवर भरवसा ठेवू नका. सर्वांत सोपा उपाय कागदाच्या चिठ्ठीचा. तबकडीखालून चिठ्ठीचं टोक बाहेर काढा, सुई तबकडीवर ठेवलेली असू द्या आणि एक मिनिट फेऱ्या मोजा. सुई उचलून मोजलंत तर वेग जास्त येतो.

बरं, ७८ बरोबर लागले तरी काम संपत नाही. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत वेग सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असायचा. साडेचार फेऱ्यांचा फरक म्हणजे अर्धा स्वर. इथे कानच लागतो, आणि एक मदत होते: जुन्या तबकड्यांच्या शेवटी गायक आपलं नाव ओरडून सांगतो. १९०२ साली कलकत्त्यात गाणी भरली गेली तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि कुठली तबकडी कुणाची हे तिकडच्या लोकांना कळावं म्हणून ही आरोळी. गायिका गौहर जानची इंग्रजीतली आरोळी प्रसिद्धच आहे. बोलण्याचा आवाज चोरटा किंवा भुतासारखा वाटला की वेग चुकलाय हे गाण्यापेक्षा लवकर कळतं. म्हणूनच डिजिटल करताना ही आरोळी 'गाण्याचा भाग नाही' म्हणून कापू नका. सगळी खरखर काढायच्या नादात वरचे सूरही छाटू नका. तानपुऱ्याची जवारी त्यांच्याबरोबर जाते.

चावी, स्प्रिंग आणि नवे 'अँटिक'

ग्रामोफोन मधेच मंदावतो आणि खालून 'ढक' असा आवाज येतो? स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस वाळलंय. चावी आणखी करकचून भरणं हा त्यावर उपाय नाही. तो डबा घरी उघडू नका. सुटलेली स्प्रिंग हात फाडते. तुमच्या हातातलं काम तेवढंच: वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, हाताला अडल्यासारखं लागलं की चावी थांबवणं, आणि महिनोन्महिने यंत्र भरून न ठेवणं. आवाज पत्र्यासारखा थरथरत असेल तर आधी सुईचा स्क्रू बघा, मग साउंडबॉक्समधलं रबर. ते दगड झालेलं असतं.

पितळी कर्णा झगझगीत, लाकूड नवं, कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं, आणि दुकानदार म्हणतो, "काका, एकदम ओरिजिनल." दिवाणखान्यात ठेवायला घ्या खुशाल. त्यावर तबकडी लावू नका.

तबकडी विकत घेताना मात्र माठ घेतो तशी घ्या. मधल्या भोकात बोट घालून लोंबकळती धरा आणि नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर वाजते, केसभर तडा असेल तर बद्द आवाज येतो.

पाणी, ऊन आणि कपाटाचा खालचा कप्पा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली तेव्हा मावशीच्या तळमजल्यावर कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. ओझं जड म्हणून तबकड्या खाली ठेवायच्या, ही आपली सगळ्यांचीच पद्धत. बडोद्यात तरी ती सोडा.

मी पोहोचेपर्यंत कुणीतरी मदत म्हणून अर्ध्या तबकड्या गच्चीत उन्हात मांडल्या होत्या. पाण्याने त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं, उन्हाने बिघडलं. दुपारपर्यंत त्यांचे पापड झाले. उरलेल्या आम्ही ओल्या असतानाच कव्हरांतून काढल्या, कारण कागद वाळला की खाचांना चिकटून बसतो. चिखल पुसला नाही, साध्या पाण्याच्या धारेखाली वाहू दिला. नदीचा गाळ म्हणजे बारीक वाळू. मग ताटाळी, शेजाऱ्यांचीही मागून आणलेली, आणि पंखा. आता त्या दुसऱ्या मजल्यावर आहेत, नव्या कागदी कव्हरांत, उभ्या, कललेल्या नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांना मी ठाम नकार दिला. आमच्या पावसाळ्यात लेबलांना बुरशी लागते ती त्यांच्यातच.

एक हातातून निसटली. तीन तुकडे. मावशी केराच्या टोपलीकडे निघाली होती, भाचा फेव्हिक्विक शोधत होता. दोघांनाही थांबवलं. गोंद खाचेत गेला की संपलं; आणि तुकडे एकमेकांना घट्ट टेकवून टेपने पाठीमागून धरले तर जाणकार माणूस एक बाजू उतरवून घेऊ शकतो, टकटक होते ती नंतर काढता येते. ते तुकडे कडा घासू नयेत म्हणून मधे कागद घालून वेगवेगळे ठेवलेत, आणि पाकिटावर लेबलशेजारी कोरलेला नंबर पेन्सिलने लिहिलाय.