अपघाताच्या दाव्यात तडजोड करताय? या चुका टाळा

लोकअदालतीचा दिवस जवळ आला की मोटार अपघाताच्या दाव्यांत विमा कंपनीकडून आकडा येतो. वर्षानुवर्षे तारखांना कंटाळलेला जखमी माणूस तो ऐकून लगेच हो म्हणतो. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे पुरसिसवर (तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी हिशोब स्वतः मांडून बघा.

सर्वांत मोठे नुकसान अपंगत्वाच्या टक्क्यात होते. समजा, 34 वर्षांचा ट्रकचालक आहे, महिना 18,000 रुपये कमावतो. डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या दाखल्यात उजव्या पायाचे अपंगत्व 40 टक्के लिहिले आहे. कंपनी म्हणते, हे एका पायाचे, म्हणून पूर्ण शरीराचे 20 टक्के धरू. भविष्यातली उत्पन्नवाढही ती धरत नाही. वयानुसार गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा) 16, म्हणजे 18,000 × 12 × 16 चे 20 टक्के, 6,91,200 रुपये. पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे की शरीर किती टक्के निकामी झाले यापेक्षा कमाई किती टक्के बुडाली हे पाहायचे. ज्या पायाने ब्रेक दाबायचा तोच अधू झाल्यावर चालकाची कमाई निम्मीसुद्धा उरणार नाही, असा युक्तिवाद करता येतो. अगदी 40 टक्केच धरले आणि चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसासाठीची 40 टक्के उत्पन्नवाढ मिळवली, तर रक्कम 19,35,360 होते. यात औषधोपचार आणि वेदनांची भरपाई अजून आलेलीच नाही.

म्हणून दाखला उपचार पूर्ण झाल्यावरच घ्या. हाड जुळायच्या आत घेतलेल्या दाखल्यावर समोरचे वकील पहिला हल्ला करतात. तुमचे काम काय आणि आता त्यातले काय जमत नाही, हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पायात रॉड किंवा प्लेट असेल तर ती काढण्याच्या ऑपरेशनचा अंदाजपत्रकी खर्च लेखी मिळवा. तडजोड झाल्यावर तो मागता येत नाही. मेडिक्लेममधून बिल भागले म्हणून कंपनी तेवढी रक्कम वजा करू पाहत असेल, तर मार्च 2025 मधला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाचा निर्णय दाखवा. अशी वजावट होत नाही.

व्याज बहुतेकजण विसरतात. निकाल लागला तर ते साधारणपणे अर्ज दाखल केल्यापासून मिळते. तीन वर्षे जुन्या दाव्यात 10 लाखांवर 7 टक्क्यांनी 2,10,000 रुपये होतात. ‘सर्व मिळून’ असा आकडा आला की त्यात हे धरले आहे का, हे आधी विचारा.

आता वकिलांच्या फीबद्दल. मिळालेल्या रकमेत टक्केवारीने वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी आधीच ठराविक आकड्यात लिहून घ्या. छापील वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार बहुधा दिलेला असतो, तरीही पुरसिस मराठीत वाचून घ्या आणि सही स्वतः करा. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. अल्पवयीन मुलाच्या वतीने तडजोड असेल तर दावा चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची परवानगी लागते.

पैसे दावेदाराच्याच बँक खात्यात जमा होतील असे पुरसिसमध्ये लिहा, सोबत जमा करण्याची तारीखही. त्या तारखेला पैसे आले नाहीत तर पुढे किती टक्के व्याज, हेही त्यातच हवे. ते नसेल तर कंपनीने लावलेल्या प्रत्येक महिन्याच्या उशिराचा भुर्दंड तुम्हीच सोसता.